दवाखान्यात सांगितल्यालं गाव

दवाखान्यात गेलं की पयलं नाव इचारत्यात आन मंग गाव. दुखतं कुटं ते मागनं. नाव सांगताना माझी जीभ कधी आडली न्हाई. गावाला आडती. आजबी आडती. नात म्हणती, "आजे, येवढा काय इचार करायचा? सांग की वलवण." सांगते मी. पण आदी येक घोट गिळते.

आमी मूळची घाटाखालची. नागफणीच्या कड्यावर उभं ऱ्हाऊन खाली बगितलं की रानात पाच-सात छपरं दिसायची, ती आमची वाडी. खाली कुलाबा जिल्हा आन वर पुणे जिल्हा, ह्ये आमाला त्या टायमाला ठावबी नव्हतं. आमाला खाली आन वर येवढंच ठाव. पावसाळ्यात खाली डोंगराच्या उतारावर नाचणी करायची, वरई करायची. सरकारनं लावायला दिल्याला तुकडा व्हता, सासऱ्याच्या नावावर. दिवाळी झाली की टोपली, कोयता, कोंबड्या घिऊन वर चढायचं, वलवणच्या वरल्या रानात कोळसा पाडायला. आखाजी झाली की परत खाली. माझ्या सासूनं तेच केलं, तिच्या सासूनंबी तेच. कुनी आमाला इचारलं असतं, तुमी वरचं का खालचं, तर आमी हसलो असतो. वर कामाचं रान आन खाली गाव. यात इचारायचं काय?

कोळशाची भट्टी लय जणांनी बगितल्याली नसती. लाकडं उभी-आडवी रचायची, माणसाच्या डोक्याच्या वर जाईल येवढा ढीग. वरनं पाला, पाल्यावर ओली माती थापायची. मधी आग सोडायची. जाळ झाला तर लाकडाची राख व्हती, नुसतं धुमसलं तर कोळसा व्हतो. म्हणून आठ-आठ दिवस राखण. माती तडकली, धूर फुटला की लगेच वर चढून तितं ओली माती लिंपायची. चढणारा हलका पायजे आन त्येला पाय कुटं टाकायचा ते कळलं पायजे. माझा दादला हलका व्हता. भट्टीवर असा चालायचा की मुकादम म्हणायचा, "हा माणूस न्हाई, बोका हाय."

त्या साली माझ्या लग्नाला दोन वर्सं झालती. नवे पैसे येऊन चार-पाच वर्सं झाली असतील, म्हाताऱ्या अजून आण्यातच बोलायच्या. मला तिसरा म्हयना व्हता. ते त्येला येकट्यालाच सांगितल्यालं.

सकाळची येळ. मी पाण्याची घागर घिऊन आले, माती कालवली. त्यो टोपलं घिऊन वर चढला. म्हणला, "आज आग चांगली धरली बघ. आठ दिवसांनी उघडू." येवढं बोलला आन त्येच्या पायाखालची माती खचली. डावा पाय मांडीपोतर आत गेला. वरडला न्हाई. टोपलं बाजूला फेकलं आन दोनी हात मागं टाकले, मला म्हणला, "वढ." म्या वढलं. पलीकडच्या भट्टीवरला माणूस पळत आला, दोगांनी मिळून वढला. पायाचं काय झालं व्हतं ते सांगत न्हाई. मला मांसाचा वास त्या दिवसापास्नं सोसत न्हाई, येवढं पुरं.

दोन दिवस आमी झाडपाला केला. भगत आमच्याच माणसातला, वरल्या रानात आमच्यासंगतीच यायचा. त्यो आला, तांदूळ मांडले. भगताची रीत आशी, की पयलं आजाऱ्याचं गाव इचारायचं. गाव, वाडी, वाडीचा देव कुटल्या झाडाखाली हाय, शीव कुटल्या वढ्यावर हाय, सगळं नीट सांगायचं. यात खोटं बोलायचं न्हाई. तुमचे वाडवडील तुमाला गावावरनं वळखत्यात. गाव चुकीचं सांगितलं तर ते यायचे भलत्याच दारात, आन आजारी हितं पडून ऱ्हायचा. बारक्या पोरांनाबी आमच्यात ह्ये पाठ असायचं.

तिसऱ्या दिवशी पायाला घाण सुटली. मुकादम नाकाला पटका लावून म्हणला, "ह्ये भगताचं काम न्हाई आता. लोणावळ्याला दवाखान्यात न्या. गरिबाला फुकट हाय." मंग घोंगडीची झोळी केली, बांबूला बांदली, चार जणांनी उचलली. मी मागनं.

त्यो दवाखाना आता न्हाई, त्या जागी दुसरंच कायतरी उभं हाय. तवा बैठी कौलारू इमारत व्हती. दारातच टेबल, टेबलाशी कारकून. चष्मेवाला, बारीक, सारखं खोकायचा. त्येला बगून मला वाटलं, ह्योच आजारी दिसतोय. त्येनं नाव इचारलं. सांगितलं. गाव इचारलं.

आन म्या भगताला सांगावं तसं सांगितलं. गाव, वाडी, देव, उंबराचं झाड, वढा. यकदम खडाखडा. जीव जाऊ नये म्हणून कुटंबी चुकू न देता सांगितलं.

कारकून हसला. "अगं बाई, एवढं नको. नुसतं गाव." लिहिलं आन मंग लेखणी थांबली. "हे तर घाटाखाली. कुलाबा जिल्हा. मग इकडे कशाला आलात?"

"हितं भाजला म्हणून हितं आणला."

"राहता कुठे?"

"खाली."

"आता कुठून आलात?"

"वरनं, वलवणच्या रानातनं."

त्येनं कपाळाला हात लावला. म्हणला, "हे बघ, गरिबाला फुकट आहे. पण गरीब असल्याचा दाखला लागतो, आपापल्या गावच्या पाटलाचा. सात दिवसांत आण. नाही आणलास तर खाटेचे आणि औषधाचे पैसे लागतील."

म्या अंगावरलं लुगडं दाखवलं. गुडघ्यापोतरचं, दोन ठिकाणी गाठ मारल्यालं. "मी गरीब हाय ह्ये दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं गं," त्यो म्हणला. "पण दिसलेलं कागदाला चिकटवता येत नाही."

त्यो वाईट माणूस नव्हता. मी त्येला कधी वाईट म्हणले न्हाई. त्येनं दादल्याला लगेच आत घेतला, कागदासाठी दारात ठेवला न्हाई. डाक्टर आला, पाय धुतला, पांढरीशिपट पट्टी बांदली. नर्सबाईनं त्येला कपातनं दूध दिलं. दादला माझ्याकडं बगून म्हणला, "ह्या पट्टीसारखं धडूत आपल्या घरात कुनाच्या लग्नातबी आलं न्हाई." आमी दोगंबी हसलो. त्येच्यासंगं हसल्याली ती शेवटची येळ.

वलवणला येक मावशी व्हती. बागायतदाराघरची, दहा-बारा जनावरं दारात. आमच्या लाकडाच्या मोळ्या ती घ्यायची. तिच्या कानावर घातलं तशी ती माझ्यावरच वरडली. "अगं येडे! सोयरीक जुळवायला गेलतीस व्हय, कूळ-गाव सगळं सांगायला? वलवण म्हणायचं आन मोकळं व्हायचं! आमचा पाटील माझा दीर हाय. आजच्या आज चिठ्ठी लिवून देतो, ही माणसं आमच्याच गावची, रानात ऱ्हात्यात म्हणून."

मला बरं वाटलं. तशीच पळत दवाखान्यात गेले, दादल्याला सांगितलं.

"न्हाई," म्हणला.

"आरं, नुसता कागद हाय."

"कागदच हाय म्हणून न्हाई. हितं वलवण लिवलं आन उद्या जंगलचा शिपाई म्हणला, तुमी वरचे झालात, खालचा तुकडा सोडा, तर? बापानं चाळीस पावसाळं त्यात घातल्यात." मंग म्हणला, "आन मी हितं मेलो तर मला न्यायला खालनं येणारे कुटं हुडकत फिरतील?"

"मरायची भाषा कशाला करतोस?"

"मंग खोटं गाव लिवायची भाषा तू कशाला करतीस?"

आन खरं सांगते, मलाबी भ्या वाटत व्हतं. आजाऱ्याचं गाव खोटं सांगायचं, ह्ये माझ्याबी अंगावर काटा आणणारं व्हतं. मावशीला जाऊन सांगितलं, त्यो न्हाई म्हणतो. मावशी म्हणली, "मर मंग. जा खाली." पण जाताना दोन भाकरी आन ठेचा फडक्यात बांदून दिला.

दादल्याला म्हणले, मी दाखला घिऊन येते, तवर हितनं हलायचं न्हाई. त्यो म्हणला, "हलू कशानं?"

नागफणीच्या अंगानं पायवाटेनं उतरले. पोटात जीव असताना तेवढ्या उतरणीनं गेले, पण तवा त्येचं काय वाटलं न्हाई. सांजच्याला गावात पोचले तर पाटील तालुक्याला गेल्याला, जमिनीच्या कज्ज्याला. कधी येणार? पाटलीणबाई म्हणली, "आज न्हाईतर उद्या." उद्या आला न्हाई. परवा आला न्हाई. मी त्येच्या वट्याखाली बसून. दोन येळा वाटलं, तशीच परत जावं. पण मोकळ्या हातानं जाऊन काय सांगायचं? चौथ्या दिवशी दुपारी पाटील आला, पाय धुतले, जेवला, पान लावलं, मंग मला बलावलं.

"तुझा नवरा गरीब हाय असं लिवून देऊ?" म्हणला. "तुमचा तर तुकडा हाय माझ्या कागदात."

"त्यात चार मण नाचणी व्हती, आबा."

"पण हाय ना? आन सहा म्हयने तुमी गावात नसता. मी लिवायचं काय? हितं ऱ्हात्यात का ऱ्हात न्हाईत?"

"आमी जातो ते पोटासाठी. गाव ह्येच."

पाटलानं दुसरं पान लावलं. मला समजना, वर म्हणत्यात तुमी खालचे, खाली म्हणत्यात तुमी वरचे. मंग मदल्या कड्यावर ऱ्हायचं का काय आमी? पण ह्ये म्या तोंडानं म्हणलं न्हाई. पाटलाफुडं तवा तेवढं तोंड उघडायची रीत नव्हती. पाटलीणबाईच आतनं म्हणली, "द्या की लिवून. पोटुशी हाय ती." तवा त्येनं लिहिलं, शिक्का मारला. कागद भिजू नये, चुरगळू नये म्हणून म्या घरातली बियाणं ठेवायची बांबूची नळी घेतली, त्यात कागद घातला, तोंडाला चिंधी कोंबली. रातभर त्या साली खालीच ऱ्हायल्याल्या जाऊबाईच्या छपरात पडले आन तांबडं फुटायला घाट चढाय लागले. भर्तीचा दिवस धरून ह्यो सातवा दिवस व्हता.

दुपारी दवाखान्यात पोचले. नळी उघडली, कागद टेबलावर ठेवला. कारकुनानं वाचला, चष्मा पुसून परत वाचला. म्हणला, "शाबास. वेळेत आणलास. आता एक पैसा लागायचा नाही." टाचणी घेतली आन आमच्या कागदाला त्यो दाखला लावला.

मी आत गेले. खाट रिकामी. चादर घडी घालून ठेवल्याली.

मला वाटलं, मेला. तितंच खाली बसले. शेजारच्या खाटेवर रेल्वेच्या कामावरला येक माणूस व्हता, हात मोडल्याला. त्यो म्हणला, "बाई, तो गेला ना काल दुपारी. नर्सबाई जेवायला गेल्या तेव्हा. माझी काठी घेऊन गेला."

"का गेला?"

तवा त्यो खाटेवर उठून बसला. मंग म्हणला, "तो रोज विचारायचा, किती दिवस झाले. मी म्हणलो, उद्या सातवा. दाखला नाही आला तर बिल लागेल. त्यानं विचारलं, नाही भरलं तर काय करतात? मी म्हणलो, माझ्या गावाकडे एकाची जमीन लिहून घेतली होती. खरं-खोटं मला काय ठाऊक! ऐकलेलं सांगितलं."

म्या त्येला बोल लावला न्हाई. त्यो त्येच्या परीनं गप्पा मारत व्हता.

कारकून उठून माझ्या मागं आला. "अगं, घेऊन ये त्याला. कागद झालाय. पळत जा."

पळतच वरल्या रानात गेले. त्यो भट्टीपाशी बसला व्हता. उठता येत नव्हतं म्हणून बसल्या जागी, हात पोचंल तितं माती लिंपत व्हता. पांढरी पट्टी काळी झाल्याली, चिखलानं भरल्याली. मला बगून म्हणला, "पट्टी त्येंची हाय. धुऊन परत दे. चादर म्या घडी घालून ठेवलीया. काठीबी दे त्या मोडक्या हातवाल्याची."

"दाखला आणलाय म्या. फुकट हाय आता. चल."

"आणलास?" म्हणला. "आपल्याच गावचा?"

"आपल्याच गावचा."

"मंग उद्या जाऊ. पलीकडच्यानं येवढे दिवस राखली, आज भट्टी उघडायची हाय. न्हाईतर कोळशाची राख व्हईल."

म्या त्येच्यावर वरडायला पायजे व्हतं. चार माणसं बलवून झोळीत घालायला पायजे व्हता. पण आठ दिवसाचं काम जळून जाईल ह्ये मलाबी कळत व्हतं. म्या कमरेला पदर खोचला आन भट्टी उघडायला लागले. ती येक दुपार. लय वर्सं मी त्या दुपारपाशी जाऊन बसते आन परत येते.

सकाळी त्येचा जबडा उघडंना. भाकर पुढं केली तर म्हणला, "दात बसल्यात." दुपारपोतर मान ताठ झाली. झोळीतनं दवाखान्यात नेला. डाक्टरनं बगितलं आन आमाला बाहीर जायला सांगितलं. नर्सबाई म्हणली, धनुर्वात हाय, जखमेत माती गेली. तिनं खिडकीला काळं कापड लावलं, उजेडानं आचके येत्यात म्हणून. तीन दिवस त्या काळोखात मी त्येच्या पायथ्याशी बसले. बोलता येत नव्हतं त्येला. कानापाशी तोंड नेऊन मी गाव सांगायची, वाडी, उंबर, वढा, सगळं, हळू. त्येला ऐकू जात व्हतं का न्हाई ठाव न्हाई. चौथ्या दिवशी संपलं.

कारकुनानं कागदावर कायतरी लिहिलं आन मला म्हणला, "काही देणं नाही." म्या म्हणलं, "बरं."

आमच्या माणसांनी त्येला खांद्यावर घिऊन घाट उतरला. जिता वर चढला व्हता त्याच वाटेनं.

पट्टी म्या रिठ्यानं धुतली. तीन पाण्यातनं काढली तरी काळी झाक ऱ्हायली. बाराव्यानंतर वर आले आन नर्सबाईच्या हातात दिली. तिला कळंना. "ही कशाला आणलीस? ही परत घेत नसतात गं." म्या म्हणलं, त्येनं सांगितलं व्हतं. मंग तिनं घेतली. फेकली असंल मागनं. पण माझ्याफुडं न्हाई फेकली.

खालचा तुकडा दिरानं लावला. बाईचं नाव कागदात नसतं. दिरानं वाईट केलं असं न्हाई, त्येचीबी चार पोरं व्हती. ज्या तुकड्यापायी त्यो खाटेवरनं उठला, तितं माझं काय ऱ्हायलं न्हाई येवढंच. वलवणच्या मावशीनं गोठ्यात काम दिलं, गोठ्याला लागून येक पडवी दिली. "आतातरी हितली व्हशील का?" म्हणली. म्या शेणाची पाटी उचलली आन गेले.

पावसात दिस भरले. दोन दिवस आडले. सुईण म्हणली, माझ्या हातातलं न्हाई. मावशीनं बैलगाडी जुंपायला लावली, वर घोंगडी टाकली आन सोता माझं डोकं मांडीवर घिऊन बसली. वाटंत मला सारखी म्हणायची, "गाव इचारलं की काय सांगशील?" मी घोंगडी दातात धरायची. "सांग ना गं! माझ्या दिराची चिठ्ठी हाय माझ्यापाशी. पण तू दुसरंच सांगितलंस तर त्या चिठ्ठीचं काय करू, चुलीत घालू?"

दारात तेच टेबल. त्योच कारकून. खोकला वाढल्याला. त्येनं चिठ्ठी बगितली, माझ्याकडं बगितलं. वळखलं. चष्म्यातनं मला कळलं, वळखलं त्येनं.

"नाव?"

सांगितलं.

"गाव?"

पोटात कळ आल्याली. त्या कळंत मला उंबर दिसला, वढा दिसला. काळ्या कापडाच्या खोलीतला त्यो दिसला. माझ्या जिभंवर खरं गाव आलं व्हतं. म्या ते गिळलं.

"वलवण," म्हणले.

त्येची लेखणी थांबली. वर बगितलं न्हाई त्येनं. "नक्की?"

"व्हय."

लिहिलं. येवढंच. दुसरं काय इचारलं न्हाई, मला आत घेतली. डाक्टरनं हत्यारं लावून पोरगा काढला. जगला. मीबी जगले. पैसा लागला न्हाई.

पाचव्या दिवशी दवाखान्यातनं सोडली. मावशीनं पडवीतच पाचवीची पूजा मांडली. पाटावर कोरा कागद आन लेखणी ठेवली, त्या दिवशी सटवाई येती आन पोराच्या कपाळावर त्येचं नशीब लिवती म्हणून. मावशी हात जोडून म्हणली, "बाई, पोरगा वलवणचा हाय, चांगलं लिव." आन बाया जेवायला बसल्या.

मी पोराला मांडीवर घेतला. कुनी बगत न्हाई असं बगून त्येच्या कानात गाव सांगितलं, वाडी सांगितली. देव, उंबर, वढा. दवाखान्यात गिळल्यालं सगळं.

पोरगा हितलाच झाला. शाळेत गेला, धरणावर कामाला लागला, रेशनकार्ड काढलं, मतदान केलं. त्येला कुनी कधी इचारलं न्हाई, तू वरचा का खालचा. त्येच्या बापाचं गाव म्या त्येला मोठेपणी सांगितलंच न्हाई. कानात सांगितल्यालं त्येला आठवत नसणार. सटवाईनं त्या दिवशी मावशीचं ऐकलं का माझं, ते मला ठाव न्हाई. वर्साला त्येच्या बापाला जेवणाचं पान ठेवायचं असतं, ते मी पडवीत न ठेवता नागफणीच्या कड्यावर नेऊन, खाली वाडीकडं तोंड करून ठेवते.